आमच्या घराण्यात असलं काही नाही

कुठे कामाला आहेस, असं कोणी विचारलं की मी ‘हॉस्पिटलमध्ये’ म्हणते आणि विषय तिथेच संपेल अशी आशा करते. तो संपत नाही. नर्स का? नाही. डॉक्टर? नाही. मग? मग सांगावं लागतं की अंधेरीच्या एका हॉस्पिटलात आनुवंशिक आजारांचा विभाग आहे, तिथे मी आहे. यावर समोरचा माणूस एक तर मामेभावाच्या टकलाबद्दल विचारतो, नाहीतर “आमच्या घराण्यात असलं काही नाही” असं म्हणून थोडा मागे सरकतो, जणू माझ्यापासून त्याला काही लागेल.

हे वाक्य विभागाच्या दारावरच रंगवून घ्यावं, म्हणजे सर्वांचा वेळ वाचेल, असं मी मोठ्या मॅडमना सुचवणार होते. सुचवलं नाही. मी मनातल्या मनात बरंच काही सुचवत असते.

मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. मुलाखतीला त्यांनी माझ्या गुणपत्रिकेकडे पाहिलंही नाही. “कात्री नीट चालते का तुझी?” एवढंच विचारलं. मला ती चेष्टा वाटली. रुजू झाल्यावर कळलं, नोकरीचं अर्धं वर्णन त्यात आलं होतं.

काम असं. पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्या ऐन विभागायला निघाल्या की औषध घालून अडवायच्या, काचपट्टीवर थेंब सोडून सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचा. फोटोत वाकड्यातिकड्या काड्या दिसतात, ती गुणसूत्रं. माणसाची शेहेचाळीस, म्हणजे तेवीस जोड्या; प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक बापाकडून. फोटो मोठा करून छापायचा, एकेक काडी कात्रीने कापायची आणि उंचीप्रमाणे जोड्या लावून कार्डावर चिकटवायची. एखादी काडी जास्त आहे का, तुटकी आहे का, ते तेव्हा दिसतं. बालवाडीतला हस्तव्यवसाय आणि आमचं शास्त्र यात फरक एवढाच की आमच्याकडे पंखा लावायला बंदी आहे. एकदा एका पाहुण्या डॉक्टरांना उकडलं म्हणून त्यांनी पंखा लावला आणि एका गृहस्थांचं वाय गुणसूत्र कपाटाखाली गेलं. ज्याच्यासाठी घरोघरी नवस बोलले जातात ते हेच. अगदी बारीक असतं. केरसुणीने ओढून बाहेर काढावं लागलं.

ही काडी उलगडत गेलं तर आत डीएनए असतो. तो पेशंटना दाखवायला मॅडमनी तार आणि मणी वापरून एक नमुना केला होता. शिडी घ्या, दोन्ही टोकं धरून सुंभासारखा पीळ द्या, झाला डीएनए. शिडीची प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची. तुकडे चारच जातींचे, ए, टी, जी आणि सी, आणि त्यांचे विवाहाचे नियम आपल्यापेक्षा कडक आहेत. ए फक्त टीशी, जी फक्त सीशी. पत्रिका नाही, मानपान नाही, आणि लग्न एरवी मोडत नाही. पेशी विभागायची वेळ आली की ही शिडी बॅगेच्या चेनसारखी मधोमध उघडते. प्रत्येक अर्ध्या भागाला आपला जोडीदार ठाऊकच असतो, त्यामुळे तो उरलेला अर्धा भाग स्वतः बांधून घेतो. एका शिडीच्या दोन शिड्या, तंतोतंत सारख्या. कोट्यवधी पायऱ्यांमध्ये एखादी पायरी चुकलीच, तर पुढे ती चूकही तितक्याच इमानाने उतरवली जाते. सरकारी कचेरीत नवा कारकून जुन्या कारकुनाची चूक सुवाच्य अक्षरात पुढे नेतो, तसं.

हे सगळं मी शिकले इंग्रजीत, आणि सांगायचं होतं मराठीत. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण बोरिवलीच्या कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढल्यावर माझं मराठी जेवण वाढण्यापुरतं उरलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी एका पेशंटच्या माहितीत ‘कझिनला हाच आजार’ असं लिहिलं. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला.

“कझिन म्हणजे कोण?”

“कझिन... ब्रदर, मॅडम.”

“आत्याचा, मामाचा, काकाचा की मावशीचा? अगं, मावसभावाला झाला तर एक अर्थ, चुलतभावाला झाला तर दुसरा. एवढी छान भाषा आईने घरात दिली आहे, आणि तू मला कझिन देतेस!”

तेव्हापासून मी सगळ्यांची नाती मुळापासून विचारते आणि कागदावर वंशवृक्ष काढते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ, मुलाला उभी. आजार असेल तो चौकोन काळा करायचा. सोपं वाटतं. अडचण अशी की चौकोनांत नावं भरभर भरतात आणि गोल रिकामे राहतात.

पार्ल्याचे एक निवृत्त बँक अधिकारी नातवाला घेऊन आले होते. मुलाला बोटीवरच्या नोकरीसाठी तपासलं, तर तांबडा-हिरवा ओळखता येत नाही असं निघालं. आजोबांच्या काखेत घराण्याचा छापील कुलवृत्तांत होता, सोनेरी अक्षरांचा.

“हे बघा,” ते म्हणाले, “पेशवाईपासूनचा एकेक माणूस आहे यात. एकालाही डोळ्यांची तक्रार नाही. आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

“यात बायकांची नावं कुठे आहेत?” मी विचारलं.

“बायकांची कशाला?”

“तुमच्या आजीचं नाव काय होतं?”

त्यांनी छताकडे पाहिलं. “आम्ही आजीच म्हणायचो.”

त्यांना काय सांगायचं ते मी मनात तीनदा जुळवलं आणि मग सांगितलं. बाईकडे एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलगा होतो तेव्हा बापाकडून वाय येतो, त्यामुळे एक्स आईकडूनच यावा लागतो. रंग ओळखण्याचा हिशेब एक्सवर असतो. तेव्हा नातवाचे डोळे तुमच्या पुस्तकात सापडणार नाहीत, तुमच्या सूनबाईंच्या माहेरी शोधावे लागतील.

सूनबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “माझ्या बाबांना हिरवी मिरची आणि लाल मिरची सारखीच दिसायची. आई दोन डबे करायची.”

आजोबांनी इतक्या वर्षांत त्यांना हे कधी विचारलंच नव्हतं. कशाला विचारतील? आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, आणि ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन पहिलं नावही लिहितात. ती कोणाची कोण, हे दोन पिढ्यांत पुसलं जातं. एक्स गुणसूत्राला ही सोय फार आवडत असावी. दर पिढीला नवं घर, नवं नाव, आणि मागचा कोणी विचारायला येत नाही.

हे मला तेव्हा चतुर निरीक्षण वाटलं होतं. पार्वतीआजी भेटल्यावर त्यातला चतुरपणा गेला.

आजी जोगेश्वरीला पुतण्याकडे राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, तो गेलेला. त्यांची मोठी मुलगी सुलोचना मुलुंडला दिलेली. तिच्या आठ वर्षांच्या महेशला हिमोफिलिया होता. रक्त गोठवायला जे घटक लागतात त्यातला एक त्याच्या शरीरात पुरेसा तयारच होत नव्हता. पडला की गुडघा आतल्या आत रक्ताने भरायचा. हा आजारही एक्सवरून चालतो. बाईकडे दोन एक्स असल्याने एकावरची चूक दुसरा सांभाळून घेतो. ती स्वतः धडधाकट राहते आणि चूक पुढे देऊ शकते. मुलाकडे सांभाळायला दुसरा एक्स नसतो.

पहिल्यांदा सुलोचना आली होती ती सासूबरोबर. मी प्रश्न सुनेला विचारत होते आणि उत्तरं सासू देत होती. माहेरी कोणाला असं काही? “काही नाही. चांगलं घर बघूनच केली आम्ही.” सुलोचना फरशी बघत होती. मी लिहिलं, माहेरी काही नाही.

या वेळी सासूला ताप होता, म्हणून आई आली. महेशला रक्तातला तो घटक द्यायला वॉर्डात नेलं, सुलोचना त्याच्याबरोबर गेली, आणि आजी माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. मोठ्या मॅडम परिषदेसाठी दिल्लीला होत्या. मला काम नव्हतं आणि आजींना गप्पा हव्या होत्या.

“आजी, तुम्हाला मुलं किती?”

“दोन चेडवां. ही शेवंती आणि धाकटी चंपा.”

“शेवंती कोण?”

“गो, ही काय आत गेली ती! सासरी सुलोचना केल्यानी. चंपाची स्मिता केल्यानी. माका ती नावां तोंडात येनत नाय.”

“आणि मुलगा?”

आजींनी पदर सारखा केला. “एक झील होतो. बारशाक कान टोचले, तर रगत थांबाकच तयार नाय. हळद लावली, चुनो लावलो. गेलो.” मग एकदम आवाज चढला. “त्या सोनाराचो हात वायट! तारेक गंज होतो. मागीर त्या मेल्याक गावान वाडीत पाय ठेवूक दिल्यान नाय.”

मी मागचं लिहिलेलं ‘काही नाही’ खोडलं आणि चौकोन काळा केला. एका निरपराध माणसाला गावाने आयुष्यातून उठवलं होतं, तोही काळा चौकोन काढायला आमच्या पद्धतीत जागा नाही.

“महेशचे कान नाही टोचले?”

“तेच्या बापाशीक तां गावठी दिसता.”

म्हणजे मुलुंडच्या जावयाच्या फॅशनने ते पोर तान्हेपणी वाचलं होतं. शास्त्राचा त्यात काही हात नव्हता.

आजींनी घड्याळाकडे पाहिलं. “माका आता घाटकोपराक जावचा हा. चंपाच्या झिलाचा बारसा आज. चार वाजता सोनार येतलो.” आणि माझं तोंड बघून त्यांनी मला धीर दिला. “ह्या टायमाक सोनार चांगलो बघलो हा गो. मोठ्या दुकानातलो. तार नवी, चोख सोन्याची. मीच सांगून ठेवलंय.”

एक मुलगा गेल्यावर या बाईने जन्मभर त्यातून जो धडा घेतला होता तो असा की सोनार चांगला बघावा.

मी हिशेब केला. आजींकडे चूक होती, हे आता नक्की. चंपाकडे ती आली असण्याची शक्यता निम्मी, आणि आली असेल तर तिच्या मुलाला ती मिळण्याची पुन्हा निम्मी. चारात एक. परीक्षेत चारात एक म्हणजे कमी. त्या दिवशी ते मला फार जास्त वाटलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “आपण पत्र पाठवू.” पत्र चार वाजेपर्यंत पोहोचेल का, असं मी विचारलं नाही. घाटकोपरच्या घरी फोन नव्हता. मी पर्स घेतली आणि आजींना रिक्षात बसवलं.

साकीनाक्याला रिक्षा अडकली तेव्हा मी त्यांना जेवढं जमेल तेवढं सांगितलं. त्यांना आजाराचं कळलं की नाही ठाऊक नाही, पण दुसरं काहीतरी लगेच कळलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

“बाये, थंय सांगा नको. महेशाचासुद्धा आम्ही तेंका सांगूक नाय. पयली चेडू झाली तेव्हाच सासू वाकडी झाली. आता कळला की आमच्या घरातसून इला, तर चंपाक घराक धाडतली.”

म्हणजे बाळाचे कान वाचवायचे, पण का वाचवायचे ते सांगायचं नाही. ज्या मुलीला दुकानात सुटे पैसे मागायला संकोच वाटतो, तिच्यावर हे आलं.

घाटकोपरच्या त्या दोन खोल्यांत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. पाळणा सजवलेला. सोनार पाटावर बसून पुडी सोडत होता आणि चंपाच्या सासूबाईंच्या मांडीवरच्या बाळाच्या कानाच्या पाळीवर कुंकवाचा ठिपका लावून झाला होता. आजी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “आज टोचू नको, व्हीन.”

“का हो? मुहूर्त आहे. मोठीचे टोचले तेव्हा टिपूसभर रक्त आलं नाही.”

मोठी म्हणजे तीन वर्षांची नात, छकुली. तिला काही झालं नाही याचं कारण ती मुलगी होती, हे मला दारात उभ्याउभ्या सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं. मराठीतले सगळे शब्द गेले. सोनाराने बाळाचा कान धरला, आणि माझ्या तोंडून इंग्रजी बाहेर पडलं, वर्गात बाई ओरडतात तशा आवाजात.

“स्टॉप! डोन्ट टच दॅट बेबी!”

सोनाराने कान सोडला. पुढे काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. डोक्यात तयार होतं ते बी.एस्सी.च्या पेपरातलं पहिलं उत्तर, तेवढंच मी घडाघडा म्हणत सुटले. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक ॲसिड इज अ डबल हेलिक्स, दोन धागे उलट दिशांनी जातात, ए टीशी, जी सीशी, सगळं, आकृतीसकट, हातवारे करून.

कोणी हललं नाही. एवढं लक्ष देऊन माझं कोणी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“काय म्हणतायत?” सासूबाईंनी मुलाला विचारलं. स्मिताचा, म्हणजे आजींच्या चंपाचा, नवरा दिलीप एका कारखान्यात सुपरवायझर होता. एवढ्या बायकांसमोर इंग्रजी कळलं नाही म्हणायची त्याची तयारी नव्हती. त्याने घसा साफ केला.

“आई, त्या म्हणतात, हॉस्पिटलकडून बाळाच्या रक्ताची तपासणी व्हायची आहे. तोपर्यंत सुई लावायची नाही.”

मला जे सांगायचं होतं ते त्याने असं मनाने रचून अचूक सांगितलं. “येस,” मी म्हणाले.

“एवढंच? एवढ्यासाठी इतकं बोलल्या?”

“इंग्लिशमध्ये लांबतं, आई.”

सोनाराने तार पुडीत घातली. “हॉस्पिटलचं लफडं आपल्याला नको, काकी. रिपोर्ट आला की बोलवा.” तो उठला. पलंगावर बसलेली स्मिता माझ्याकडे बघत होती, आणि मग तिने आईकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. बाकीच्यांना मी आठवते ती घुगऱ्या न खाता गेलेली इंग्रजी बाई म्हणून.

मोठ्या मॅडम परत आल्यावर मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, “पेशंटच्या घरी जायचं नसतं.” मग म्हणाल्या, “रक्त कधी घेणार?”

तेव्हा आमच्याकडे डीएनए वाचून बघायची सोय नव्हती. मण्यांची शिडी होती, पण कोणाच्या शिडीची कितवी पायरी चुकली, ते दिसत नव्हतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो आणि तो घटक किती आहे, एवढंच मोजता यायचं. बाळाचं रक्त फार सांभाळून घेतलं, सुईची जागा बराच वेळ दाबून धरली. रिपोर्ट आला. चारात एक ते हेच होतं.

“त्यांना सांगायचं काम तुझं,” मॅडम म्हणाल्या. “तू त्यांना ओळखतेस.”

मी स्मिताला एकटीला बोलावलं. सासूबाई, दिलीप आणि बाळ, सगळे आले. छकुलीला शेजारी ठेवलं होतं. सासूबाईंना बाहेर बसायची विनंती केली, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. बाळ त्यांच्याच मांडीवर होतं.

आजार काय आहे ते सांगितलं. जन्मभर राहील, पण सांभाळला तर मूल वाढतं, शाळेत जातं. दिलीपने विचारलं, “पण हे आलं कुठून?”

एक गोष्ट खरी आहे. कधीकधी ही चूक कोणाकडून येत नाही. शिडी उतरवताना त्या मुलाच्या वेळीच पहिल्यांदा होते. मी तिथूनच सुरुवात केली. “कधीकधी काय होतं, माहेरी-सासरी कुठेच नसताना नव्यानेच...” हे वाक्य मी घरी आरशासमोर बसवलं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. या बाळाला ते लागू नव्हतं, एवढंच.

“नव्याने नाही,” स्मिता म्हणाली. “ताईच्या महेशला हेच आहे. माझा भाऊ यानेच गेला.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याशीच बोलत होती, बाकी दोघं खोलीत नसल्यासारखी. “मला नीट सांगा, मॅडम. लपवलं तर उद्या ह्याला काही झालं की डॉक्टरला मी काय सांगू?”

मग मी सगळं सांगितलं. एक्स, वाय, चूक, निम्मी शक्यता. प्रत्येक वेळी नाणं नव्याने उडतं हेही. मुलगी असती तर हा त्रास बहुतेक झालाच नसता, हे सांगताना मी सासूबाईंकडे बघितलं नाही. मुलगा व्हावा म्हणून त्यांनी गावी बकऱ्याचा नवस केला होता, असं दिलीप येता येता बोलून गेला होता. छकुलीकडे चूक असू शकते, ती मोठी झाली की तिची तपासणी करा, असंही म्हटलं. त्यावर कोणी काही विचारलं नाही. मीही पुन्हा म्हटलं नाही, ते मी म्हणायला हवं होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे हे तुमच्याकडचं,” त्या स्मिताला म्हणाल्या. “मी काय म्हणत होते? आमच्या घराण्यात असलं काही नाही.”

माझी पंचाईत अशी की त्या बरोबर होत्या. मुली झाल्या म्हणून सुनांना छळणाऱ्या कितीतरी सासवांना मी वायची गोष्ट सांगून गप्प केलं आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला मजाही येते. या एका बाईने बोट दाखवलं, तर शास्त्राने तिच्या शेजारी उभं राहून त्याच दिशेला बोट दाखवलं. चूक देणाऱ्याला आपण काय देतोय ते निवडता येत नाही, हे मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही.

स्मिताने दोन्ही हात पुढे केले.

“मग द्या इकडे.”

“काय?”

“तुमचं नाही ना त्याच्यात काही? मग माझं मला द्या. मी छकुलीला घेते आणि जाते जोगेश्वरीला.”

“स्मिता, अगं...” दिलीप म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो.”

सासूबाईंनी बाळ उचललं. मला वाटलं, देणार. त्यांनी ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं, स्मिताचा हात पोहोचणार नाही अशा बाजूला.

“माझं नाही कसं? नाक बघ त्याचं! ह्याच्या आजोबांचं नाक आहे ते. जोगेश्वरीला कुठे मिळतं असलं नाक?”

मी ते नाक पाहिलं. दीड-दोन महिन्यांच्या बाळाला नाक असं फारसं नसतंच. आजोबांचं नाक नातवाकडे येण्यात किती जनुकांचा हात असतो आणि ते सांगणं किती कठीण आहे, हे मला माहीत होतं. गप्प राहणं मला जमतं.

“ए मुली,” त्या माझ्याकडे वळल्या. “हा रांगायला लागला, पडला, आपटला, तर काय करायचं ते सांग. लिहून देऊ नकोस, मला वाचता येत नाही. तोंडी सांग.”

मी सांगू लागले. पाळण्याच्या कडांना गोधडी बांधायची. मालिश हलक्या हाताने. सूज दिसली की चोळायचं नाही, बर्फ लावायचा, दाबून धरायचं आणि सरळ इकडे आणायचं. तापावर अ‍ॅस्पिरिनची गोळी द्यायची नाही. लस असो की इंजेक्शन, सुई लावण्याआधी डॉक्टरला आजार सांगायचा. कान टोचायचे नाहीत, कधीच. प्रत्येक वाक्य त्या मोठ्याने माझ्यामागून म्हणत होत्या आणि दर वाक्याला दिलीपला कोपराने ढोसत होत्या, “ऐकलंस?”

स्मिताचे हात अजून पुढेच होते. बाळ रडायला लागलं. सासूबाईंनी त्याला थोपटलं, जरा फिरवलं, ते आणखी मोठ्याने रडलं. शेवटी त्यांनी ते तिच्या हातात ठेवलं.

“पाजायला देतेय,” त्या म्हणाल्या. “जोगेश्वरीला न्यायला नाही.”